लहान बेटाच्या रस्त्यांची फेरआखणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेटावर राहणारे, तिथल्या स्थानिक प्रशासनात काम करणारे आणि नियोजन शिकणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. 'लहान बेट' म्हणजे दोन-चार चौरस किलोमीटरपासून शे-पाचशे चौरस किलोमीटरपर्यंतचं, एक मुख्य गाव आणि बोटीचे एक-दोन धक्के असलेलं बेट. वाहनं डावीकडून चालतात असं धरलं आहे. जिथे ती उजवीकडून चालतात, तिथे वळणांच्या दिशा उलट घ्याव्यात.

आमच्या बेटावर गाड्या मोजक्याच आहेत. तरी कोंडी का होते?

एका जागेतून एकाच वेळी किती गाड्या जाऊ पाहतात, यावर कोंडी ठरते. एकूण गाड्या किती, हा प्रश्न त्यानंतर येतो. बेटाची रचनाच अशी असते की सगळं एकाच जागी येऊन साचतं. मधोमध डोंगर किंवा दलदल असते, म्हणून वस्ती किनाऱ्यालगत आणि रस्ताही किनाऱ्यालगत. शाळा, दवाखाना, बाजार, कचेऱ्या एकाच गावात. त्या गावाला लागून धक्का. मोठ्या शहरात एक रस्ता तुंबला तर चालक शेजारच्या रस्त्याने जातो. बेटावर शेजारचा रस्ता बहुधा नसतोच.

याची दुसरी बाजू मात्र नियोजनकाराच्या फायद्याची आहे. बेटावर येणारी प्रत्येक गाडी ठरावीक दारातून येते. ती मोजता येते, तिची वेळ आधी कळते, आणि ठरवलं तर तिची संख्याही आटोक्यात ठेवता येते. पुढची बहुतेक उत्तरं याच गोष्टीवर उभी आहेत.

रस्ता रुंद केला की प्रश्न सुटेल ना?

क्वचितच. अखंड वाहत्या रस्त्याची एक मार्गिका तासाला १,८०० ते २,००० गाड्या वाहून नेऊ शकते. लहान बेटावरच्या रस्त्यावर एवढ्या गाड्या जवळपास कधीच नसतात. पण त्याच मार्गिकेवर सिग्नल आला आणि हिरवा दिवा वेळेच्या एक तृतीयांशच मिळाला, तर तिची क्षमता तासाला ६०० वर येते. म्हणजे अडचण चौकात असते आणि खर्च होतो दोन चौकांमधल्या रस्त्यावर. नरसाळ्याचं तोंड मोठं केल्याने नळीतून जास्त पाणी जात नाही.

नियोजनात १९६४ पासून वापरलं जाणारं एक साधं सूत्र आहे. ते अमेरिकेच्या तेव्हाच्या सार्वजनिक रस्ते विभागाने दिलं. त्यानुसार रस्ता निम्म्या क्षमतेने भरला असेल, तर प्रवासाचा वेळ जेमतेम १ टक्का वाढतो. तो पूर्ण भरला की वेळ १५ टक्के वाढतो, आणि मागणी क्षमतेच्या दीडपट झाली की सुमारे ७६ टक्के. याचा व्यवहारातला अर्थ असा, की गर्दीच्या अर्ध्या तासातल्या थोड्याशा गाड्या वेळ किंवा वाट बदलून गेल्या तरी कोंडीत मोठा फरक पडतो. त्यासाठी रस्ता दुप्पट करावा लागत नाही.

बेटावर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. खडी, डांबर, रोलर, कधी कधी डांबर मिसळण्याचा प्रकल्पसुद्धा जहाजातून आणावा लागतो, आणि रुंदीकरणात गेलेली जमीन परत मिळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: बेटावर रुंदीकरण हा शेवटचा उपाय असावा.

फेरीबोट आली की गाव ठप्प होतं. याला इलाज आहे का?

आहे, आणि बेटाच्या फेरआखणीत सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्यावं. आधी आकडे पाहू.

समजा बोटीतून १२० गाड्या १५ मिनिटांत उतरतात, म्हणजे ताशी ४८० या दराने. गावाच्या पहिल्या सिग्नलकडे त्याच मार्गिकेतून स्थानिक गाड्या ताशी ३०० या दराने येत आहेत. एकूण मागणी ७८०, सिग्नलची क्षमता ६००. पंधरा मिनिटांत १९५ गाड्या येतात आणि १५० निघतात, म्हणजे ४५ गाड्यांची रांग उरते. रांगेत एका गाडीला साधारण ६ मीटर लागतात, तेव्हा ही रांग २७० मीटर लांब होते आणि बहुधा मागच्या चौकालाही अडवते. बोट रिकामी झाल्यावर ताशी ३०० गाड्यांची जागा मोकळी राहते, म्हणून रांग ओसरायला आणखी ९ मिनिटं जातात. एका बोटीचा परिणाम एकूण २४ मिनिटं. आता दुसरी बोट वीस मिनिटांनी येणार असेल, तर ती आधीच्या रांगेवर नवी रांग चढवते, आणि तिथून दिवस हाताबाहेर जायला लागतो.

या गणितात बदलता येण्याजोगे आकडे तीन आहेत. पहिला, उतरण्याचा दर. धक्क्याच्या आवारातच मार्गिका आखून गाड्या थोड्या थोड्या बाहेर सोडल्या तर उतरायला १५ ऐवजी २५ मिनिटं लागतील, पण दर ताशी २८८ वर येईल. स्थानिक ३०० धरून बेरीज ५८८ होते, आणि रांग जवळपास लागतच नाही. दुसरा, सिग्नलचा हिरवा वेळ. बोटीची वेळ आधीच माहीत असते, मग त्या वीस-पंचवीस मिनिटांपुरता सिग्नल वेगळ्या वेळापत्रकावर चालवावा. तिसरा, स्थानिक गाड्या. बोट आणि शाळा सुटणं एकाच वेळी येत असेल, तर दोन्हींपैकी एक वेळ वीस मिनिटांनी हलवावी. वेळापत्रक बदलायला डांबर लागत नाही.

बोटीवर चढणाऱ्यांची रांगही विसरू नये. १२० गाड्या एका ओळीत ७२० मीटर जागा खातात. ही रांग सार्वजनिक रस्त्यावर उभी राहत असेल, तर तिथे किती रुंद रस्ता आहे याला काहीच अर्थ उरत नाही. धक्क्याजवळ थांबातळ, म्हणजे गाड्या ओळीत थांबवायची मोकळी जागा, हवा, सहा ओळींचा असला तर लांबी १२० मीटर पुरते. जागाच नसेल तर वेळेनुसार आरक्षण सुरू करावं, म्हणजे लोक दोन तास आधी येऊन रांग धरणार नाहीत.

फेरआखणीची सुरुवात नेमकी कुठून करायची?

मोजणीपासून. प्रत्येक महत्त्वाच्या चौकात दर १५ मिनिटांनी, प्रत्येक वळणाच्या गाड्या वेगवेगळ्या मोजा: सरळ जाणाऱ्या, डावीकडे वळणाऱ्या, उजवीकडे वळणाऱ्या. तासाची एकच बेरीज घेतली तर बोटीचा लोंढा सरासरीत लपून जातो. दुचाकी, पायी चालणारे, सायकली आणि मालवाहू गाड्या यांचे रकाने स्वतंत्र ठेवा. मोजणी हंगामात एकदा आणि हंगामाबाहेर एकदा करा.

त्यानंतर लोक कुठून कुठे जातात याची पाहणी. मोठ्या शहरात ही फार खर्चिक असते. बेटावर ती घरोघरी विचारून आणि धक्क्यावर गाठून करता येते. माझ्या अनुभवात या पाहणीतून निघणारी सगळ्यात उपयोगी गोष्ट एकच असते: गावातून जाणाऱ्या गाड्यांपैकी किती गाड्यांचं गावात काही कामच नाही. पुढचे अर्धे निर्णय त्या आकड्यावर ठरतात.

बेटाभोवती एक वर्तुळाकार रस्ता पुरेसा असतो का?

रोजच्या वाहतुकीला अनेकदा पुरतो. दरड कोसळली, अपघात झाला किंवा लाट रस्त्यावर आली, की पुरत नाही. रस्ता एका जागी तुटला तर दोन्ही बाजूंना पोहोचता येतं, पण उलट बाजूने पूर्ण वळसा घालून. दोन जागी तुटला तर मधली वस्ती एकटी पडते.

प्रशांत महासागरातल्या कुक बेटांपैकी रारोटोंगाचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. सुमारे ६७ चौरस किलोमीटरच्या या बेटाभोवती साधारण ३२ किलोमीटरचा किनारी रस्ता आहे, त्याचं नाव 'आरा तापू'. त्याच्या आतल्या बाजूने 'आरा मेतुआ' हा फार जुना रस्ता बऱ्याच लांबीत समांतर जातो, आणि दोघांना जोडणाऱ्या छोट्या वाटा आहेत. शिडीसारख्या या रचनेत किनारी रस्त्याचा एखादा तुकडा बंद पडला तरी तेवढाच भाग आतून टाळता येतो. आतला रस्ता रुंद नसला तरी चालतो. तो असणं महत्त्वाचं.

बेट ओलांडणारा आडवा रस्ता काढावा का, हे उंचसखलपणावर ठरतं. गोल बेटावर समोरासमोरच्या दोन टोकांमध्ये किनाऱ्याने जे अंतर पडतं, त्यापेक्षा मधून जाणारा सरळ रस्ता सुमारे ३६ टक्क्यांनी कमी असतो. मध्ये डोंगर असेल तर ही बचत चढ आणि नागमोडी वळणांत संपते, आणि डोंगर कापल्याने माती खाली किनाऱ्यालगतच्या प्रवाळांवर किंवा शेतात येते. रारोटोंगाचा मधला भाग आजही पायवाटेनेच ओलांडला जातो, आणि त्यात काही उणं नाही.

संपूर्ण वर्तुळाकार रस्ता एकेरी केला तर?

करू नये. ३० किलोमीटरच्या एकेरी वर्तुळावर दोन किलोमीटर मागे असलेल्या दवाखान्यात जायचं तर २८ किलोमीटर फिरावं लागेल. सगळ्या गाड्यांनी मिळून कापलेलं अंतर वाढतं, म्हणजे आहे त्याच रस्त्यावर गर्दी वाढते. समोरून कोणी येत नाही म्हणून वेगही वाढतो.

एकेरी व्यवस्था गावठाणात, दोन अरुंद समांतर रस्त्यांच्या जोडीत चांगली चालते: एक जाण्याचा, एक येण्याचा, मधलं अंतर शंभर-दीडशे मीटर. उजवीकडे वळणाऱ्यांना समोरच्या लोंढ्यातून फट शोधावी लागत नाही आणि वाचलेल्या जागेत फूटपाथ बसतो. सायकलींना मात्र उलट दिशेने जाण्याची मुभा ठेवावी. पायडल मारणाऱ्याला वळसा परवडत नाही.

नवा जोडरस्ता काढल्याने कोंडी वाढू शकते, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि गणिताने सिद्ध झालेलं आहे. जर्मन गणितज्ञ डीट्रिश ब्रेस यांनी १९६८ मध्ये हे दाखवलं. एक उदाहरण घेऊ.

एका वस्तीतून धक्क्याकडे १,००० गाड्या निघतात. वाटा दोन. पहिल्या वाटेवर आधी अरुंद पूल आणि मग मोकळा किनारी रस्ता. दुसऱ्या वाटेवर आधी मोकळा किनारी रस्ता आणि मग अरुंद गल्ली. मोकळ्या रस्त्याला नेहमी २५ मिनिटं लागतात. पुलाला आणि गल्लीला दर ५० गाड्यांमागे एक मिनिट. गाड्या निम्म्या निम्म्या वाटल्या जातात आणि प्रत्येकाला १० अधिक २५, म्हणजे ३५ मिनिटं लागतात.

आता कोणीतरी पूल आणि गल्ली यांना जोडणारा दोन मिनिटांचा रस्ता बांधतं. प्रत्येकाला वाटतं की पूल, जोडरस्ता, गल्ली हीच वाट जवळची. सगळे तिकडून जातात: २० अधिक २ अधिक २०, एकूण ४२ मिनिटं. आणि एकट्याने जुन्या वाटेवर परत जाण्यात अर्थ नाही, कारण तिथे आता ४५ मिनिटं लागतील. पैसे खर्च करून प्रत्येकाची सात मिनिटं गेली.

प्रत्येक चालक फक्त स्वतःचा वेळ पाहून वाट निवडतो, हे तत्त्व ब्रिटिश अभ्यासक जॉन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्ये मांडलं होतं. म्हणून नव्या रस्त्याचा नकाशा पाहताना 'हा किती जवळचा पडेल' एवढंच विचारू नये. 'हा लोंढा कोणत्या अरुंद जागी नेऊन सोडेल' हेही विचारावं. जोडरस्त्याच्या दोन्ही टोकांना अरुंद जागा असतील तर आधी त्या सोडवाव्यात.

चौकात सिग्नल लावावा की गोल चौक करावा?

लहान बेटावर माझी पहिली पसंती गोल चौकाला, म्हणजे मधल्या गोलाभोवती गाड्या एकाच दिशेने फिरतात अशा चौकाला. साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्यांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींना छेदतात किंवा मिळतात. एका मार्गिकेच्या गोल चौकात अशा जागा ८ असतात, आणि समोरासमोरची किंवा काटकोनातली धडक जवळपास होत नाही. वीज गेली तरी चौक चालू राहतो. बेटावर हा मुद्दा लहान नाही, कारण सिग्नलचा सुटा भाग पुढच्या बोटीने यायचा असतो. एका मार्गिकेचा चांगला आखलेला गोल चौक दिवसाला साधारण २०,००० ते २५,००० गाड्या हाताळतो.

नियम एकच आणि तो कडक हवा: आत फिरणाऱ्याला आधी वाट. ब्रिटनने १९६६ मध्ये हा नियम सक्तीचा केला आणि त्यानंतरच आधुनिक गोल चौक नीट चालू लागले. त्याआधी आत शिरणाऱ्याला वाट दिली जाई आणि चौक आतल्या आत अडकून बसत.

गोल चौकाची एक कमजोरीही आहे, आणि ती नेमकी बेटावर जाणवते. एका बाजूने अखंड लोंढा आला तर पुढच्या बाजूच्या गाड्यांना शिरायला फट मिळत नाही. बोट रिकामी होताना असंच घडतं. धक्क्याजवळच्या गोल चौकात, धक्क्याकडून येणाऱ्या तोंडाशी फक्त बोटीच्या वेळी चालणारा सिग्नल लावला की हा प्रश्न सुटतो.

इंग्लिश खाडीतल्या जर्सी आणि गर्न्सी बेटांवर आणखी एक पद्धत आहे. काही चौकांत प्रत्येक बाजूची एकेक गाडी आळीपाळीने सोडायची. कोणालाच अग्रहक्क नाही. वेग कमी असेल आणि चालक एकमेकांना पाहू शकत असतील, तिथे हे खरोखर छान चालतं. बाहेरून नव्याने आलेल्या चालकांना मात्र ते फलकावर स्पष्ट सांगावं लागतं.

जागा कमी आहे, आणि मोठे ट्रेलरही येतात. गोल चौक बसेल कसा?

मिनी गोल चौक साधारण १५ ते २५ मीटर व्यासात बसतो. त्याचा मधला भाग रंगवलेला किंवा किंचित उंच असतो, त्यावरून लांब गाडी चाक चढवून जाऊ शकते. जरा मोठ्या चौकात मधल्या गोलाभोवती फरसबंदीची कड ठेवतात: छोट्या गाड्या ती टाळतात, ट्रेलरची मागची चाकं तिच्यावरून जातात.

गावाबाहेरून वळणरस्ता काढावा का?

मोजणीत गावात काम नसलेल्या गाड्या बऱ्याच निघाल्या, तर काढावा. बहुतेक बेटांवर मुख्य गाव हेच सगळ्यांचं ठिकाण असतं, आणि मग वळणरस्ता रिकामा राहतो. शिवाय त्याच्या कडेला दुकानं, गोदामं उभी राहिली की दहा वर्षांत तोही गावातला रस्ता होतो. काढायचाच तर त्यावर थेट फाटे उघडायला पहिल्या दिवसापासून मनाई असावी.

गावासाठी मला नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहराचा मार्ग जास्त पटतो. १९७७ मध्ये त्यांनी शहराचा मध्यभाग चार भागांत वाटला. गाडीने एका भागातून थेट दुसऱ्या भागात जाता येत नाही, बाहेरच्या वर्तुळावर येऊन परत आत जावं लागतं. पायी आणि सायकलने मात्र सरळ जाता येतं. प्रत्येक दुकानापर्यंत गाडी पोहोचते, पण गाव ओलांडण्यासाठी गावाचा वापर होत नाही. लहान बेटाच्या मुख्य गावाला दोन किंवा तीन भागही पुरतील, आणि त्यासाठी लागतात ते मोजके अडथळे, फलक आणि ठाम निर्णय.

जिथे एकच गाडी जाईल एवढाच रस्ता आहे, तिथे काय करायचं?

तो तसाच ठेवा आणि ओलांडजागा करा, म्हणजे दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकतील असे थोडे रुंद तुकडे. स्कॉटलंडच्या बेटांवर एकपदरी रस्ते याच पद्धतीने चालतात. एका ओलांडजागेवरून पुढची दिसली पाहिजे, कारण त्या नेमक्या किती मीटरवर आहेत यापेक्षा दिसणं महत्त्वाचं. प्रत्येक जागेवर उंच फलक हवा. मागून घाईने येणाऱ्याला पुढे जाऊ देण्यासाठीही त्या वापरायच्या, आणि तिथे गाडी उभी करून फोटो काढायला सक्त मनाई. वळणावर किंवा चढावर एखादी जागा दिसत नसेल तर तिथे झुडपं छाटणं हेच बांधकाम.

वेगमर्यादा कमी केली तर वाहतूक मंदावेल ना?

आठ किलोमीटरचा प्रवास ५० च्या वेगाने ९.६ मिनिटांचा, ४० च्या वेगाने १२ मिनिटांचा. फरक अडीच मिनिटांपेक्षा कमी. चौकात थांबण्यात याहून जास्त वेळ जातो. उलट ५० ऐवजी ३० च्या वेगाने धडक झाली तर तिच्यातली ऊर्जा जवळपास एक तृतीयांश उरते. माणूस वाचण्या-न वाचण्याचा प्रश्न तिथे ठरतो. अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडाची कमाल मर्यादा ताशी ३५ किलोमीटर आहे आणि तिथला सगळा व्यवहार त्यात चालतो. जर्सीत 'ग्रीन लेन' म्हणून ठरवलेल्या गल्ल्यांत मर्यादा ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर आहे.

फलक लावून वेग कमी होत नाही. रस्ता अरुंद दिसला पाहिजे, वळण घट्ट पाहिजे, पायी रस्ता ओलांडण्याची जागा उंचावलेली पाहिजे.

बससेवा एवढ्याशा बेटाला परवडेल का?

लोक समजतात त्यापेक्षा सहज. ३२ किलोमीटरचं वर्तुळ, थांबे धरून सरासरी वेग ताशी २५ किलोमीटर: एका फेरीला ७७ मिनिटं, विश्रांती धरून ९० मिनिटं. दर अर्ध्या तासाला बस हवी तर एका दिशेला तीन बस, दोन्ही दिशांना मिळून सहा. वर्तुळाकार बेटावर मार्ग समजावून सांगायचीही गरज पडत नाही. रारोटोंगावर बसवर 'घड्याळाच्या दिशेने' किंवा 'उलट दिशेने' एवढंच लिहिलेलं असतं.

बसचं वेळापत्रक बोटीच्या वेळेला बांधलेलं असावं, आणि बोट उशिरा आली तर बसने थांबावं. एवढं एक झालं नाही तर बाकी सगळं व्यर्थ आहे, कारण एकदा धक्क्यावर अडकलेला माणूस पुढच्या वेळी गाडी घेऊनच येतो. भाडं शून्य करण्याने आपोआप गाड्या कमी होत नाहीत, हेही पाहून झालं आहे. माल्टाने ऑक्टोबर २०२२ पासून रहिवाशांना बसप्रवास मोफत केला, तरी तिथल्या गाड्यांची संख्या वाढतच राहिली. बस त्याच कोंडीत उभी असेल तर तिकिटाच्या पैशाने फरक पडत नाही. चौकाआधी पन्नास-शंभर मीटरची बसमार्गिका आणि सिग्नलवर पहिला हक्क, यांनी पडतो.

पार्किंगचा वाहतुकीच्या वेगाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. जागा शोधत हळू हळू फिरणाऱ्या गाड्या मागच्या सगळ्यांना रोखतात. साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या असाव्यात, म्हणजे प्रत्येक पट्ट्यात एखादी मोकळी सापडते. तेवढं साधेल असं शुल्क किंवा तेवढी वेळमर्यादा ठेवावी. चौकापासून निदान १५-२० मीटर कोणतीही गाडी उभी राहू देऊ नये. माझ्या मते हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा उपाय आहे.

रस्ते हंगामातल्या गर्दीसाठी आखायचे की नेहमीच्या?

रस्ते आखताना वर्षातला सगळ्यात गर्दीचा तास न धरता परंपरेने तिसावा गर्दीचा तास धरतात, म्हणजे वर्षातले सगळे तास गर्दीच्या उतरत्या क्रमाने लावल्यावर तिसावा येणारा. बेटावर हा संकेत तपासून घ्यावा लागतो, कारण हंगाम तीव्र असला तर तिसावा तासही नेहमीच्या दिवसाहून फार वेगळा निघतो. चार आठवड्यांसाठी बांधलेला रस्ता उरलेले अठ्ठेचाळीस आठवडे रहिवाशांच्या जमिनीवर पडून असतो. हंगामासाठी तात्पुरते उपाय ठेवावेत: जास्तीच्या बस, तात्पुरता एकेरी मार्ग, बोटीवर गाड्यांचा कोटा, धक्क्याच्या अलीकडे मुख्य भूमीवर वाहनतळ.

गाड्यांच्या संख्येवरच मर्यादा घालणं योग्य आहे का?

बेटावर ते शक्य आहे, आणि अनेकांनी केलंही आहे. बर्म्युडात १९०८ ते १९४६ खासगी मोटारींना बंदी होती. बंदी उठली तेव्हा एका घराला एकच मोटार असा नियम झाला आणि तो टिकला. बेट जेमतेम ५३ चौरस किलोमीटरचं आहे, तेव्हा कारण समजतं. सिंगापूरने १९७५ मध्ये मध्यवर्ती भागात शिरायला शुल्क लावलं, १९९० मध्ये नव्या गाड्यांवर कोटा आणला, १९९८ मध्ये शुल्कवसुली इलेक्ट्रॉनिक केली आणि २०१८ मध्ये मोटारींची वाढ शून्यावर ठेवली. अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे. तिथला सुमारे १३ किलोमीटरचा वर्तुळाकार महामार्ग सायकली, घोडे आणि पायी चालणाऱ्यांचा आहे. गर्न्सीजवळच्या सार्क बेटावर मोटारी नाहीत, ट्रॅक्टर आहेत.

कोणतं मॉडेल घ्यायचं हे बेटाने ठरवावं. पण संख्येचा प्रश्न टाळून केलेली फेरआखणी काही वर्षांतच भरून जाते, हे ठरवणाऱ्यांना आधी माहीत असायला हवं. मर्यादा घालताना रुग्ण, अपंग व्यक्ती, शेतकरी, मच्छीमार आणि कारागीर यांची सोय आधी लिहावी, नियम नंतर.

मुख्य भूमीशी किंवा शेजारच्या बेटाशी पूल बांधला तर कोंडी सुटेल?

धक्क्यावरची रांग जाईल. पण बोट आजवर गाड्या मोजून आत सोडत होती, ते कामही थांबेल. मालदीवमधलं माले बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं. २०१८ मध्ये ते पुलाने हुलहुले आणि हुलहुमालेशी जोडलं गेलं. लोकांची मोठी सोय झाली, पण पुलावरून येणाऱ्या गाडीला उभं राहायला मालेत जागा मात्र तेवढीच आहे. पूल होणार असेल तर बेटाच्या बाजूला वाहनतळ, बसस्थानक आणि प्रवेशाचे नियम पूल उघडण्याआधी तयार हवेत.

आणीबाणीचा विचार कसा करायचा?

प्रत्येक वस्तीला बाहेर पडायच्या दोन स्वतंत्र वाटा असाव्यात, हा माझ्या दृष्टीने फेरआखणीतला एकमेव तडजोड न करण्याजोगा नियम आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाईच्या माउई बेटावर लहायना गावात आग लागली, तेव्हा पडलेल्या विजेच्या खांबांनी आणि तारांनी रस्ते अडले आणि गाड्या अडकून पडल्या. सुमारे शंभर माणसं गेली. दुसरी वाट रोजच्या वापराची नसली तरी चालेल. शेतातली, फाटक असलेली, एरवी सायकलींसाठी वापरली जाणारी वाटही चालेल. मात्र अग्निशमन गाडीचं वजन तिने पेललं पाहिजे आणि फाटकाची किल्ली कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत हवं.

किनारी रस्ता आणि त्याची पर्यायी वाट एकाच उंचीवर असतील तर भरतीच्या वादळात दोन्ही एकदम जातात. दुसरी वाट वर हवी.

सगळ्यांनी विजेच्या गाड्या घेतल्या तर?

हवा स्वच्छ होईल, आवाज कमी होईल. पण रांगेत गाडी तेवढेच सहा मीटर खाईल, म्हणजे कोंडी तशीच राहील.

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागतं का?

नाही. वर केलेली बोटीची आकडेमोड स्प्रेडशीटमध्ये होते, आणि बहुतेक निर्णयांना ती पुरते. पुढे जायचं असेल तर जर्मन एरोस्पेस सेंटरने विकसित केलेलं 'सुमो' हे वाहतूक प्रतिरूपणाचं, म्हणजे संगणकावर वाहतुकीची नक्कल उभी करण्याचं, सॉफ्टवेअर मोफत आणि खुलं आहे, आणि ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा त्यात थेट घेता येतो. प्रतिरूपात आधी आजची परिस्थिती उभी करा. पडद्यावरची रांग आणि चौकात मोजलेली रांग जुळली, तरच उद्याच्या आराखड्यावर विश्वास ठेवा.

लोकांचा विरोध झाला तर? केलेला बदल चुकीचा ठरला तर?

म्हणूनच आधी रंग, शंकू आणि कुंड्या वापरून बदल करावा. तीन ते सहा महिने चालवावा, शक्य तर त्यात हंगामाचे काही आठवडे यावेत. आधी ज्या जागी, ज्या वारी, ज्या वेळी मोजणी केली, तिथेच पुन्हा मोजावं. आकडे चावडीवर लावावेत, वाईट निघाले तरीही.

पहिले दोन-तीन आठवडे गोंधळाचेच असतात, कारण चालक जुन्या सवयीने येतात. त्या आठवड्यांत निर्णय फिरवू नये. दुकानदारांचा आक्षेप बहुधा माल उतरवण्याच्या जागेचा असतो, तेव्हा नकाशा काढण्याआधी त्यांच्याबरोबर रस्त्यावरून चालत जाऊन कोणाची गाडी किती वाजता कुठे थांबते हे लिहून घ्यावं. शाळेत जाणाऱ्या मुलांनाही विचारावं. रस्ता कुठे ओलांडायला भीती वाटते हे ती नेमकं बोट ठेवून दाखवतात, आणि बऱ्याचदा ती जागा कोणत्याही आराखड्यात चौक म्हणून नोंदलेलीच नसते. पक्कं बांधकाम त्या जागेपासून सुरू करावं.